ॲपवर सत्तरच डेसिबल दिसतात, तरी डीजेने कानठळ्या बसतात. आवाज किती मोठा ‘वाटतो’ हे मोजतात कसं?

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न रोजच्या ओळखीचा. तुमचं ॲप बिघडलेलं असेलच असं नाही. डेसिबलचा आकडा हवेतल्या दाबावरून निघतो. मोठा ‘वाटणं’ कानात आणि मेंदूत घडतं, आणि ते कळायला माणसालाच विचारावं लागतं.

हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी अमेरिकेत बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत तेच केलं. त्यांचे निष्कर्ष १९३३ साली छापून आले. श्रोत्याला १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा सूर ऐकवायचा, मग वेगळ्या कंप्रतेचा (कंपनांच्या वेगळ्या वेगाचा), आणि दोन्ही सारखेच मोठे वाटतात ती पातळी शोधायची. अशा जोड्यांवरून समान मोठेपणाचे वक्र काढले गेले. १००० हर्ट्झच्या ४० डेसिबलच्या सुराइतका जो आवाज मोठा वाटतो तो ४० फॉन, मग त्याचे स्वतःचे डेसिबल काहीही असोत.

तुमच्या डीजेचं उत्तर या वक्रांतच आहे. ठोक्याच्या बेससाठी ६३ हर्ट्झ धरा. तिथे ४० फॉनला सुमारे ७३ डेसिबल लागतात, कारण हळू आवाजात कान खालच्या सुरांना जवळजवळ बहिरा असतो. पण ८० फॉनला तिथे सुमारे ९८ डेसिबल पुरतात. १००० हर्ट्झला जी चढण ४० डेसिबलची, ती बेसमध्ये २५ डेसिबलमध्येच उरकते. म्हणून बेस जरा वाढवला की एकदम अंगावर येतो.

आता मीटर. बहुतेक मीटर आणि ॲप ‘ए’ भारांकन वापरतात, म्हणजे कंप्रतेनुसार आकडा कमी-जास्त करायची एक ठरलेली रीत, आणि ते मुळात ४० फॉनच्या, म्हणजे हळू आवाजाच्या वक्रावरून घेतलेलं आहे. ६३ हर्ट्झला ते सरळ २६ डेसिबल वजा करतं. हवेत ९६ डेसिबलचा ठोका असला तरी पडद्यावर ७० दिसतात. कानाला तो साधारण ७६ फॉनचा वाटतो. शिवाय फोनचे माइक बोलण्यासाठी बनवलेले, बरेचसे खालचे सूर नीट पकडतच नाहीत. खिडकीची थरथर आणि छातीत बसणारे हादरे तर या हिशोबात येतच नाहीत.

पडद्यावरचे ७० आणि कानाचे ७६, हा सहा फॉनचा फरक किरकोळ वाटेल. त्यासाठी सोन हे एकक पाहा, हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९३६ साली सुचवलेलं. ४० फॉन म्हणजे १ सोन, आणि पुढे दर १० फॉनला आवाज दुप्पट वाटतो: ५० ला २, ६० ला ४, ८० ला १६. सहा फॉन म्हणजे जवळपास दीडपट. ‘दहाला दुप्पट’ हा नियम मात्र दगडावरची रेघ समजू नका. ‘दुप्पट’ म्हणजे काय हे प्रत्येकजण आपल्या अंदाजाने ठरवतो, आणि काही प्रयोगांत हा आकडा सहाच्या आसपासही आला आहे.

आणखी एक भर: तेवढीच ऊर्जा एकाच सुरात कोंबण्याऐवजी अनेक कंप्रतांवर पसरली तर आवाज जास्त मोठा वाटतो. जर्मनीत एबरहार्ड त्स्विकर यांनी यावरून मोठेपणा गणिताने काढायची रीत बसवली. ती आयएसओ ५३२ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सर्वांत प्रामाणिक माप तेच. ते ‘ए’ मीटरच्या एका आकड्यातून मिळत नाही.

घरच्या घरी करायचं तर ॲपमध्ये ‘सी’ भारांकन आहे का पाहा. ते ६३ हर्ट्झला एक डेसिबलही वजा करत नाही. एकाच जागी ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही मोजा. ‘सी’चा आकडा पंधरा-वीसने जास्त आला तर तो सगळा बेस आहे. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा (दिवसा ५५, रात्री ४५) ‘ए’मध्येच आहे, त्यामुळे तक्रारीत ‘ए’चा आकडा हवाच. पण त्याच्या शेजारी ‘सी’चाही लिहा.