झे. तेंडुलकर गो. अक्रम

अगं, तुझा मेसेज आला रात्री साडेअकराला, तेव्हा मी रविवारच्या मॅचचं स्कोअरबुक घेऊन बसलो होतो, बॅटिंगची बेरीज आणि बॉलिंगची बेरीज यात 4 रन्सचा घोळ येत होता आणि तो सुटेपर्यंत मला झोप येत नाही हे तुला माहितीये. (लेगबाय निघाले, म्हणजे पॅडला लागून पळालेले रन्स, मीच चुकून बॉलरच्या खात्यात टाकले होते, वय झालं आता.) म्हणून आज सकाळी चहा घेऊन निवांत लिहितोय. लांबणार आहे, नेट्सला जायच्या आधी वाचू नकोस.

तू विचारलंयस की राजकारणासाठी टीमने बाहेरचा दौरा रद्द करावा का, आणि उद्या तू टीममध्ये असलीस आणि समोरच्या मुलींशी हात मिळवू नको म्हणून वरून सांगितलं तर तू काय करायचं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला तुला कोणी विचारणार नाहीये, दुसरा मात्र अंगावर येऊ शकतो.

तुझ्या स्टेटसला आहे ना, ‘खेळात राजकारण नको’, ते काढ असं मी म्हणत नाही, पण ते इतकं सोपं नाहीये बघ. बेसिल डॉलिव्हेरा म्हणून एक बॅट्समन होता, केपटाऊनचा, कातडीच्या रंगामुळे त्याला तिकडे गोऱ्यांच्या टीममधून खेळताच येत नव्हतं, म्हणून तो इंग्लंडला गेला आणि इंग्लंडकडून खेळला. 1968 ला ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध 158 काढले, आणि पुढचा दौरा दक्षिण आफ्रिकेचा तर टीममध्ये नावच नाही! मग एक बॉलर जखमी झाला म्हणून घेतलं त्याला, तर तिकडचे पंतप्रधान फोर्स्टर म्हणाले ही टीम आम्हाला चालणार नाही, आणि दौरा रद्द. आता सांग, राजकारण बाहेरून आलं का? ते सिलेक्शनमध्येच बसलेलं होतं. 1970 नंतर दक्षिण आफ्रिका 21 वर्षं बाहेर राहिली, बॅरी रिचर्ड्ससारखा ओपनर 4 टेस्ट खेळून संपला, आणि त्याचं मला वाईट वाटतं, तरीही तो बहिष्कार बरोबर होता असंच मी म्हणेन, कारण दोष क्रिकेटच्या आतच होता.

आपण काय केलं तेही बघ. 1974 ला आपली टेनिस टीम डेव्हिस कपच्या फायनलला पोचली होती, विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात, समोर दक्षिण आफ्रिका. आपण खेळलोच नाही. कप त्यांना वॉकओव्हरने मिळाला, आणि भारताला डेव्हिस कप आजपर्यंत जिंकता आलेला नाही. मला याच्यावर बोलताना नेहमी हेच दिसतं, की ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या हातातून काहीतरी गेलं का? तिथे गेलं. म्हणून त्या ‘नाही’ला वजन होतं.

पाकिस्तानचं प्रकरण वेगळं आणि जास्त गुंत्याचं. तुला वाटतं हे सगळं आत्ता सुरू झालंय, पण 1961 च्या सुरुवातीला मालिका संपली ती पुढची थेट 1978 ला, मध्ये दोन युद्धं. त्यामुळे झालं काय, अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर, 1971 ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंड जिंकून आलेली आपली माणसं, या तिघांतला एकही जण पाकिस्तानविरुद्ध एकही टेस्ट खेळला नाही. त्यांची अख्खी करिअर त्या मोकळ्या जागेत बसते. आणि कोणी म्हणतं का सरदेसाईंचं करिअर अपुरं राहिलं? त्यांच्या मडगावात जाऊन म्हणून बघ! सांगायचं एवढंच की एखादा दौरा नाही झाला म्हणून क्रिकेटर संपत नाही, हे जे टीव्हीवर ओरडतात ना खेळाडूंचं नुकसान नुकसान, ते फार मनावर घेऊ नकोस.

आणि 1984. हे माझ्या वहीत आहे, पेपरमधून उतरवलेलं, मी तेव्हा कॉलेजात होतो. सियालकोटची वनडे, तारीख 31 ऑक्टोबर, दिलीप वेंगसरकर 94 नाबाद, भारताचा डाव संपला आणि इकडे दिल्लीत इंदिरा गांधींची हत्या झाल्याची बातमी आली. पाकिस्तानचा डाव सुरूच झाला नाही, दौरा तिथेच संपला. मी पेन्सिलने त्यांच्या अकरा ओळी आखून ठेवल्या होत्या त्या तशाच कोऱ्या आहेत, शाई फिकी झाली पण रेघा दिसतात. तुझ्यासारख्या एकीने मागे विचारलं होतं की काका पुसून टाका ना, पान वाया गेलं. म्हटलं राहू दे.

आता मी मुंबईचा आहे म्हणजे 26/11 बद्दल मी तटस्थ असणार नाही, ती अपेक्षा ठेवू नकोस. आझाद मैदानातून सीएसटी किती लांब आहे तुला माहितीये, किट घेऊन चालत पाच मिनिटं. त्यानंतर जानेवारी 2009 चा पाकिस्तान दौरा आपण रद्द केला तेव्हा मला एक क्षण वाईट वाटलं नाही. आपल्या जागी श्रीलंका गेली, आणि 3 मार्चला लाहोरमध्ये त्यांच्या बसवर गोळीबार झाला, पोलीस मेले, खेळाडू जखमी झाले, ड्रायव्हर मेहर खलीलने बस थांबवली नाही म्हणून बाकीचे वाचले. टेस्ट क्रिकेट पाकिस्तानात परत यायला डिसेंबर 2019 उजाडलं. म्हणजे बघ, न जाण्यामागे कधी राग असतो, कधी सरळ जिवाची भीती असते, आणि बातम्यांमध्ये दोन्हीला एकच शब्द वापरतात.

पण पिच उखडणं? 1991 च्या ऑक्टोबरात वानखेडेचं पिच उखडलं, पाकिस्तानचा दौरा बारगळला. काही जण अजून अभिमानाने सांगतात. मी मैदानावरच्या माळ्यांना पिच बनवताना बघितलंय, उकिडवं बसून हाताने खडे वेचतात, मला त्यात शौर्य दिसत नाही, सॉरी. गंमत ऐक मात्र, त्या रिकाम्या झालेल्या तारखांना आली कोण, तर दक्षिण आफ्रिका! बंदी उठल्यावरची पहिली मॅच, 10 नोव्हेंबर 1991, ईडन गार्डन्स. आणि त्या मॅचला आपल्याकडून पदार्पण कोणाचं, प्रवीण आमरेचं, 55 काढले. पुढच्या वर्षी आपण तिकडे गेलो तर डर्बनला पहिल्याच टेस्टमध्ये त्याचे 103. एक दार राजकारणाने लावलं, दुसरं राजकारणानेच उघडलं, आणि आचरेकर सरांचा पोरगा मधल्या फटीतून आत गेला.

बरं, मागच्या वर्षीचं. मला माहितीये तू तिथेच अडकलीयेस. पहलगाम झालं 22 एप्रिल 2025 ला, ऑगस्टमध्ये सरकारने धोरण सांगितलं की पाकिस्तानशी आपापसातली मालिका नाही, ते येणार नाहीत आपण जाणार नाही, पण अनेक देशांची स्पर्धा असेल तर खेळायचं. मग सप्टेंबरमध्ये आशिया कपात 3 वेळा खेळलो, तिन्ही जिंकलो, हात मिळवला नाही, फायनलनंतर ट्रॉफी घेतली नाही. ऑक्टोबरमध्ये कोलंबोला आपल्या मुली 88 रन्सनी जिंकल्या, तिथेही तेच. सरकारचं म्हणणं मला समजतं, मोठ्या स्पर्धा आपल्याला इकडे भरवायच्यात, नियम पाळावे लागतात. पण पटत नाही. खेळायचं नसेल तर पॉइंट सोडा, जाहिराती सोडा, घरी बसा, मी पहिला टाळी वाजवीन. मॅचचे पैसे घ्यायचे आणि राग फक्त हातावर काढायचा, यात आपल्या हातातून गेलं काय? आणि तो हात कोणाचा, तर तेवीस वर्षांच्या पोरीचा, धोरण ठरवणाऱ्याचा हात कॅमेऱ्यात येतच नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, टीमचं जे ठरलंय ते कर. तिथे एकटीने हिरो व्हायला जाऊ नकोस, उलटंही नको, म्हणजे कॅमेऱ्यासमोर तोंड वाकडं करून दाखवायचं वगैरे. पण हात मिळवला नाही म्हणून डोळे मिटून घ्यायचे असं कोणी सांगितलेलं नाही. पाकिस्तानची नश्रा संधू तुझ्यासारखीच डावखुरी स्पिनर आहे, तिचा बॉल सुटताना मनगट कुठे असतं ते व्हिडिओ थांबवून थांबवून बघ, तुझा खांदा लवकर पडतो ना, त्याचं औषध तिथे सापडेल कदाचित. आणि इंटरव्ह्यूत कोणी दौऱ्याबद्दल विचारलं तर ‘तो निर्णय माझा नाही’ एवढंच म्हण, खरंच नाहीये तो तुझा.

रविवारी मॅचनंतर क्लबच्या टेंटमध्ये ये, माझी 1996 ची वही आणतो. वर्ल्ड कपच्या तोंडावर कोलंबोत बॉम्बस्फोट झाला, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज म्हणाले आम्ही येत नाही, तेव्हा 13 फेब्रुवारीला भारत आणि पाकिस्तानची एकत्र टीम तिथे जाऊन खेळली, कॅप्टन अझरुद्दीन. हो, त्याच कोलंबोत. श्रीलंकेच्या कालुवितरणाच्या नावापुढे मी दोनदा खात्री करून लिहिलंय, झे. तेंडुलकर गो. अक्रम, म्हणजे झेल आपल्या तेंडुलकरचा, बॉल पाकिस्तानच्या अक्रमचा.

येताना वडापाव आण, चटणी जास्त.

काका