बिनधास्त विचारा: अंटार्क्टिकाला हेलिकॉप्टरवालं जहाज घ्यावं का?

मागच्या अंकात मी अंटार्क्टिकाच्या सफरीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता ढीग आलाय. त्यातली निम्मी हेलिकॉप्टरबद्दल, म्हणून ती आधी घेतलीयत आणि या वेळी सगळा कॉलम अंटार्क्टिकालाच दिलाय. सिंगापूर आणि व्हिएतनामवाल्यांनो, रागावू नका, पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : ताई, आमच्या लग्नाला ४० वर्षं होतायत म्हणून मुलगा आम्हाला अंटार्क्टिकाला पाठवतोय. मी ६६, ही ६२. साध्या जहाजाचे माणशी ९ लाख सांगतायत आणि हेलिकॉप्टरवाल्याचे १७. हिचे गुडघे दुखतात, त्यामुळे रबरी बोटीत चढउतार करण्यापेक्षा हेलिकॉप्टरने थेट पेंग्विनपाशी उतरलं तर बरं, असं मुलाचं म्हणणं आहे. काय करावं? (पुणे)

काका, मुलाला आधी माझा नमस्कार सांगा, असा मुलगा सगळ्यांना मिळो. पण त्याचा हिशोब इथे नेमका उलटा झालाय.

हेलिकॉप्टर थेट पेंग्विनपाशी उतरत नाही, उतरूच देत नाहीत. वसाहतीपासून निदान अर्धा सागरी मैल, म्हणजे जवळपास एक किलोमीटर लांब उतरायचं असा नियम आहे आणि प्रत्यक्षात त्याहूनही लांब उतरवतात, एखादा हिमनग आडोशाला धरून. तिथून पुढे चालत, म्हणजे गोठलेल्या समुद्रावरच्या भुसभुशीत बर्फातून, पाय कधी घोट्यापर्यंत आत तर कधी पोटरीपर्यंत, तासभर जायला आणि तेवढंच परत यायला. काकूंच्या गुडघ्यांना हे झेपायचं नाही. उलट रबरी बोट, जिला सगळे झोडियाक म्हणतात, ती तुम्हाला वाटते तेवढी वाईट नाही हो. जहाजाच्या शिडीवरून खाली उतरायचं, खलाशी मनगटाच्या वर पकडतो, आपण त्याचं तसंच पकडायचं, हात हातात द्यायचा नाही, मग बोटीच्या कडेवर बसून सरकत जायचं. ज्यांना किनाऱ्यावर उतरायचं नसेल ते बोटीतूनच हिमनगांमधून फिरून येतात, आणि खरं सांगू का, माझ्या सगळ्यात चांगल्या आठवणी त्या बोटीतल्याच आहेत.

मग हेलिकॉप्टर असतं कशाला? तर जहाज जिथे पोचूच शकत नाही तिथे जायला. यातल्या दोन जागा मोठ्या. एक वेडेल समुद्रातलं स्नो हिल बेट, तिथे एम्परर पेंग्विनांची वसाहत आहे. एम्परर म्हणजे सगळ्यात मोठा पेंग्विन, सव्वा मीटरच्या आसपास उंच, ऐन हिवाळ्यात अंडं घालतो आणि ते नर दोन महिने पायांवर ठेवून उपाशी उभा राहतो. ही वसाहत किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्री बर्फावर असते आणि बर्फ फुटायच्या आत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जावं लागतं, तेव्हा मधे कित्येक किलोमीटर बर्फ असतो, जहाज जाणार कसं? दुसरी जागा रॉस समुद्राच्या बाजूच्या मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज, आख्ख्या अंटार्क्टिकात असून जमिनीवर बर्फ जवळपास नाहीच असं ते कोरडं खोरं, तिथे समुद्रापासून आत भरकटलेल्या सीलचे सुकून गेलेले सांगाडे अजून पडलेत म्हणे. पण ती सफर महिनाभराची असते, त्यामुळे तुमच्या मुलाच्या बजेटमध्ये ती नसावी.

बाकी अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वायावरून सुटणारी १०-१२ दिवसांची जी नेहमीची सफर, अंटार्क्टिक द्वीपकल्पाची, तिच्यात हेलिकॉप्टर असलं तरी ते बहुतेक वेळा वरून १५-२० मिनिटं फिरवून आणायला. छान दिसतं, नाही कोण म्हणतंय. पण त्यासाठी माणशी ८ लाख जास्त? माझ्या मते नाही.

आणि एम्पररसाठीच जायचं ठरवलंत तर माझी गोष्ट ऐकून जा. मी स्नो हिलच्या सफरीवर गेले होते, जहाजाचं नाव नको. तीन दिवस धुक्यात उभे होतो, रोज सकाळी सगळे कपडे चढवून तयार, आणि रोज साडेदहाला स्पीकरवर 'आज नाही'. चौथ्या दिवशी आकाश उघडलं. आधी स्टाफ गेला, त्यांनी बर्फाची जाडी तपासली, तंबू, खाणं, स्टोव्ह असं सामान तिथे टाकलं, कारण हवा बिघडली आणि लोक अडकले तर रात्र काढता आली पाहिजे. मग पहिला ग्रुप, मग दुसरा. मी तिसऱ्यात. लाइफ जॅकेट घालून हेलिडेकच्या दारापाशी रांगेत उभी होते, आणि आग्नेयेकडून धुकं असं आलं जसं लोणावळ्याला पावसाळ्यात दरीतून वर येतं, दहा मिनिटांत काहीच दिसेना. आधीच्या दोन ग्रुपना घाईघाईने परत आणलं आणि आमचं राहिलं ते राहिलंच. एक एकटा एम्परर दिसला, परत येताना, जहाजावरून, बर्फाच्या तुकड्यावर उभा. करारात स्पष्ट लिहिलं होतं की हेलिकॉप्टरची हमी नाही, मीच ते नीट वाचलं नव्हतं. पैसे परत वगैरे काही नाही.

तेव्हा काका, साधं जहाज घ्या, दोनशेच्या आत प्रवासी असलेलं. हे महत्त्वाचं आहे, कारण एका जागी एका वेळी १०० च माणसं उतरवायची असा नियम आहे, आणि ५०० च्या वर प्रवासी असलेली जहाजं तर कुणालाच उतरवत नाहीत, नुसतं डेकवरून बघायचं. वाचलेल्या पैशातून बाल्कनीवाली केबिन घ्या, काकूंना ती जास्त आवडेल.

अजून एक, हे सगळेच विसरतात. जहाजावर हेलिकॉप्टर आहे म्हणजे आजारी पडलो तर उचलून नेतील असं समजू नका. उश्वाया हजारेक किलोमीटर लांब राहतं, तेवढा पल्ला त्या हेलिकॉप्टरला नसतो. पेशंटला द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर नेऊन तिथून विमानाने हलवतात, तेही हवा असेल तर. त्यामुळे इन्शुरन्स घेताना आधीचे आजार लपवू नका, बीपी-शुगर सगळं लिहा.

प्रश्न : मला दिवेआगरच्या बोटीतसुद्धा उलटी होते. ड्रेक पॅसेज म्हणजे मरणच ना? काही पर्याय? (डोंबिवली)

मरण नाही, पण दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला हा समुद्र ओलांडायला दोन दिवस जायचे आणि दोन यायचे, आणि मधे वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे लागला तर चांगलाच लागतो. कधी कधी अगदी तलावासारखा शांतही असतो, आम्हाला जाताना तसा मिळाला आणि येताना जेवणाच्या टेबलावरची बशी शेजारच्या बाईच्या मांडीत. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घ्या, गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची, नंतर नाही, पोट रिकामं ठेवू नका, आल्याची वडी खिशात ठेवा. कानामागे लावायचा पॅच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, विशेषतः काचबिंदू असेल तर.

पर्याय म्हणाल तर आहे. चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर जायचं, दोनेक तासांत, आणि तिथे जहाजात बसायचं. महाग पडतं आणि तिथली धावपट्टी खडीची, धुकं आलं की विमान थांबतं, म्हणजे हवेच्या हातात तुम्ही इथेही आहातच.

प्रश्न : आपल्या मजेसाठी त्या मुक्या पक्ष्यांच्या डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालणार, आणि आपण त्याला 'एक्स्पिडिशन' म्हणणार. तुम्हाला हे पटतं? (ठाणे)

तुमच्या पत्रातला राग मला आवडला, आणि उत्तर सोपं नाहीये.

आधी नियम सांगते. मोठ्या वसाहतींच्या वरून २ हजार फुटांच्या खाली उडू नये असं अंटार्क्टिक करारातल्या देशांनी २००४ मध्ये ठरवलंय. पक्षी दचकून पळाले की अंडी-पिल्लं उघडी पडतात आणि स्कुआ नावाचा पक्षी टपलेलाच असतो. १९९१ मध्ये माद्रिदला पर्यावरणाचा जो करार झाला त्यानुसार प्रत्येक सफरीला आधीच परवानगी लागते, काय परिणाम होईल ते लिहून द्यावं लागतं. त्याच वर्षी टूर कंपन्यांनी आपली संघटना काढली, आयाटो, बहुतेक सगळी जहाजं तिच्यात आहेत. पेंग्विनपासून निदान ५ मीटर लांब, तो आपल्याकडे आला तर आपण थांबायचं. पर्यटकांना तिथे ड्रोन उडवायला बंदी. आता बर्ड फ्लू तिकडे पोचल्यापासून जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगसुद्धा खाली ठेवायची नाही.

नियम पाळतात का? मी पाहिलं त्यात तरी पाळत होते, स्टाफ शाळेतल्या बाईंसारखा मागे लागतो. पण नियम पाळले म्हणजे प्रश्न संपला असं मला वाटत नाही. एका हंगामात आता एक लाखाच्या वर माणसं तिकडे जातायत. २०२२ मध्ये द्वीपकल्पाच्या पश्चिमेकडच्या बेलिंगशाऊसेन समुद्रात पाचपैकी चार एम्परर वसाहतींतली पिल्लं जवळपास सगळी गेली, का तर पिसं जलरोधक व्हायच्या आधीच पायाखालचा बर्फ फुटला. हेलिकॉप्टरमुळे नाही, समुद्र तापल्यामुळे. पण मुंबईहून ब्युनोस आयर्सला विमानाने, मग उश्वाया, मग जहाज, वर हेलिकॉप्टर, एवढं इंधन जाळून आपण त्याच पक्ष्याला बघायला जातो ज्याचा बर्फ वितळतोय. मी गेले, पुन्हा हेलिकॉप्टरने जाणार नाही. साध्या जहाजाने जाईन की नाही ते विचाराल तर अजून ठरत नाहीये, आणि उगाच मोठेपणा कशाला करू, मोह होतोच.

प्रश्न : कपडे काय न्यावेत? मनाली-लेहचे चालतील का? (नाशिक)

चालतील. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपासच असतं, त्रास वाऱ्याचा. आत अंगाला घट्ट थर्मल, वर फ्लीस, सगळ्यात वर वॉटरप्रूफ, आणि वॉटरप्रूफ पॅंट विसरू नका, झोडियाकमध्ये पाणी उडतं. गमबूट बहुतेक जहाजं वापरायला देतात, जाकीट बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतं.

पण नाशिककर ट्रेकर असणार म्हणून सांगते, कपडे नेण्याआधी नीट झटका. उतरायच्या आदल्या दिवशी जहाजावर सगळ्यांच्या बॅगा, खिसे, बुटांचे तळवे तपासतात, व्हॅक्युम मारतात. माझ्या सॅकच्या वेलक्रोमधून निघाली राजगडची कुसळं! ती पोरगी चिमट्याने एकेक काढत होती आणि मी मान खाली घालून उभी. हसण्यावारी नेऊ नका, किंग जॉर्ज बेटावर माणसांबरोबर आलेलं परकं गवत खरंच रुजलंय, ते उपटून काढायला माणसं लावावी लागतात.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी आहोत, उपाशी राहू का? (सांगली)

नाही. बुकिंग करतानाच लिहून द्या. कांदा-लसूण नको असेल तर तेही. मसाला मात्र नावाला नसतो, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट सीलबंद डब्यात न्या, फक्त खाऊ जहाजावरच, किनाऱ्यावर एक दाणासुद्धा न्यायचा नाही.

प्रश्न : पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते का? वय ६८. (सोलापूर)

अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही आपल्या सरकारच्या यादीत आहेत, त्यामुळे परत येताना विमानतळावर दाखला मागू शकतात, नसेल तर वेगळं ठेवायची वेळ येते. लस ठरलेल्या मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते आणि दाखला १० दिवसांनी लागू होतो. पण साठीनंतर या लसीचा त्रास होण्याची शक्यता वाढते, म्हणून आधी डॉक्टरांकडे जा, मग तिकिटं.

प्रश्न : या सफरीत आपलं मैत्री किंवा भारती संशोधन स्टेशन बघायला मिळेल का? मी बीएस्सीला आहे. (कोल्हापूर)

नाही रे बाबा. मैत्री स्नो हिलपासून सरळ रेषेत अडीच हजार किलोमीटरच्या वर आहे, भारती तर त्याच्याही खूप पलीकडे. पर्यटकांची जहाजं सहसा तिकडे फिरकत नाहीत. पण तुला खरंच जायचं असेल तर १७ लाख लागत नाहीत, अभ्यास लागतो. आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली होती, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण, पोलर सर्कल नावाच्या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून, आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरली. आजही सगळ्या मोहिमा वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून ठरतात, कोल्हापूरहून एका रात्रीचा प्रवास. शास्त्रज्ञच नाही, डॉक्टर, मेकॅनिक, वेल्डर, स्वयंपाकी सगळे लागतात. त्यांच्या वेबसाइटवर जाहिराती येतात, लक्ष ठेव.

प्रश्न : हेलिकॉप्टरमध्ये खिडकीची सीट मागून मिळते का? (वसई)

मागून नाही, वजनावर ठरते. जहाजावर सगळ्यांना कपड्यांसकट काट्यावर उभं करतात आणि त्यावरून कोण कुठे ते पायलट सांगतो. एम्पररचं राहिल्यावर आम्हा तिसऱ्या ग्रुपवाल्यांना समजूत म्हणून १५ मिनिटांची चक्कर मिळाली, त्यात मी मधे, उजवीकडे एक जर्मन आजोबा आणि डावीकडे त्यांचा कॅमेरा.