म्युनिकच्या लिनक्स कर्नलवरील नोकरीबद्दल विचारणाऱ्यास

पुण्यात पाच वर्षे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम, लिहिल्यावर म्युनिकमध्ये लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर), त्यातही उपकरणांच्या मेमरीतल्या प्रवेशावर पहारा ठेवणाऱ्या आयओएमएमयूवर काम करण्याची संधी आली आहे, तर तयारी काय करावी, असे तुम्ही विचारले आहे. ब्लू कार्डाची, म्हणजे तिथे राहून नोकरी करण्याच्या परवान्याची, माहिती वकिलातीच्या संकेतस्थळावर मिळेल. ती येथे उगाळत नाही.

आयओएमएमयूतले डोमेन म्हणजे उपकरणाने मागितलेला पत्ता खऱ्या मेमरीत कोठे न्यायचा याचे कोष्टक, हे तुम्हाला ठाऊक असणारच. गोंधळ होतो तो गटांपाशी. उपकरणे जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या ज्या स्विचमध्ये एसीएस, म्हणजे उपकरणांना परस्पर बोलण्यापासून अडवणारी सोय, नसते, त्याखालची उपकरणे आयओएमएमयूला वळसा घालून एकमेकांच्या मेमरीपर्यंत पोहोचू शकतात, म्हणून कर्नल त्या सर्वांचा एकच गट धरते. त्यांतले नेटवर्क कार्ड तेवढे व्हीएफआयओमार्फत (उपकरण थेट हाती देणाऱ्या कर्नलच्या सोयीमार्फत) व्हर्च्युअल मशीनला द्यायला गेलात, तर शेजारचे साउंड कार्डही होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, ड्रायव्हरपासून सोडवावे लागते. स्वतःच्या मशीनवरचे गट एकदा पाहून ठेवा.

दुसरी बाब अनमॅपची, म्हणजे उपकरणाचा मेमरीवरचा हक्क काढून घेण्याची. कोष्टकातली नोंद पुसली तरी आयओटीएलबीत, म्हणजे आयओएमएमयूच्या झटपट साठ्यात, तिची प्रत उरते. स्ट्रिक्ट पद्धतीत ती तत्काळ काढली जाते. लेझी पद्धतीत वेग मिळावा म्हणून अशा नोंदी साठवून साधारण १० मिलिसेकंदांनी एकदम काढतात, आणि तेवढ्या फटीत मेमरीचे ते पान दुसऱ्या कोणाच्या हाती गेलेले असू शकते. आमचा ड्रायव्हर उपकरण थांबण्यापूर्वीच अनमॅप करत असे. लेझीत कधीतरी, कोठेतरी डेटा बिघडे. स्ट्रिक्ट लावताच लॉगमध्ये फॉल्टची, म्हणजे अडवलेल्या चुकीच्या प्रवेशाची, ओळ उमटली. स्ट्रिक्ट लावून पाहावे, हे सुचायला मला सहा आठवडे लागले.

त्याच सहा आठवड्यांत मुलीची चौथी संपत आली होती. बव्हेरियात (म्युनिकच्या राज्यात) गिम्नाझियमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ लागते, आणि १ हा तेथे सर्वोत्तम गुण असतो. तिला गणितात १, परिसर अभ्यासात ३ आणि जर्मनमध्ये ४ मिळाले, सरासरी २.६६. पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या परभाषिक मुलांना सवलत मिळू शकते, हे मला नंतर कळले. शाळेने सांगितले नाही, हे खरे. रात्री दहापर्यंत लॉग चाळणाऱ्या बापाने विचारले नाही, हेही खरे.

एकटेपणा पहिल्या हिवाळ्यापुरता असतो. त्याची धास्ती घेऊ नका. मुलगी आता सातवीत आहे, रेआलशुलेत, म्हणजे गिम्नाझियमखालच्या माध्यमिक शाळेत, रमली आहे. ड्रायव्हरची ती चूक सुधारणारा पॅच अखेर चार ओळींचा निघाला.