डुलकी आणि मोग्गलानाचे कान

प्रश्न : मी नोकरी करते. दोन महिन्यांपासून रात्री साडेदहाला, सगळं आवरून, वीस मिनिटं आनापानाला, म्हणजे श्वासाच्या ध्यानाला, बसते. सातव्या-आठव्या मिनिटाला हनुवटी छातीला टेकलेली असते. नवरा विचारतो, "ध्यान चाललंय की झोपेची तालीम?" माझ्यात चिकाटीच नाही का?

उत्तर : नवऱ्याची नजर चांगली आहे हो, पण चिकाटीचा इथे काही संबंध नाही. दिवसभर राबलेलं शरीर रात्री साडेदहाला डोळे मिटून स्वस्थ बसवलंत, तर ते झोपणारच.

शिवाय तुम्हाला संगत मोठी आहे. मोग्गलान म्हणजे बुद्धांच्या दोन अग्रश्रावकांपैकी, म्हणजे पट्टशिष्यांपैकी, एक. मगधातल्या एका गावी ध्यानाला बसलेला असताना तोही पेंगत होता, ही हकिकत अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहात आहे. बुद्धांनी त्याला एकापुढे एक उपाय सांगितले. ज्या विचारावर पेंग येते, तो धरून बसू नकोस. ऐकलेला धम्म आठव, पाठ म्हण. तरी जात नाही? दोन्ही कान ओढ, अंग चोळ. ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांना बघ, वर ताऱ्यांकडे बघ. मनात उजेड आण. येरझाऱ्या घाल. एवढ्यानंही भागलं नाही, तर उठायची वेळ मनात धरून उजव्या कुशीवर झोप. या यादीतलं शेवटचं कलम माझं लाडकं. कान ओढण्यापासून आडवं होण्यापर्यंत सगळं त्यात आहे. स्वतःला आळशी म्हणून हिणवणं तेवढं कुठे सापडत नाही.

मी स्वतः वर्षानुवर्षं पेंगले आहे. एकदा तर भरल्या सभागृहात चष्मा नाकावरून मांडीत पडला आणि त्या आवाजानं मीच दचकले. पुढे एक गोष्ट ध्यानात आली : पेंग एकदम येत नाही, आधी शब्द बिघडतात. मी श्वास मोजत असते, चार, पाच, सहा... आणि साताच्या जागी शाळेतली कुणी मैत्रीण कपाटाची किल्ली मागत असते. मला त्यात काही वावगंही वाटत नाही! ती किल्ली दिसली की ओळखायचं, थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती आणि पेंग, आलं. ध्यानाआड येणाऱ्या पाच नीवरणांपैकी हे एक. शेवाळ धरलेल्या पाण्यात चेहरा दिसत नाही, तसं या अवस्थेत मन असतं, असा दृष्टान्त पाली सुत्तांत आहे. तुमची 'किल्ली' वेगळी असेल. ती शोधा. दिसली की डोळे उघडा, पाठ सरळ करा, नाहीतर सरळ उभ्या राहा. उभ्यानंही श्वास बघता येतोच.

आणि साडेदहाची वेळ सोडा. सकाळी दहाच मिनिटं मिळत असतील, तर दहा. रात्री झोपा.

प्रश्न : ध्यानाच्या ॲपवर माझे सलग 211 दिवस झाले होते. परवा प्रवासात एक दिवस चुकला, आकडा शून्यावर आला. तेव्हापासून बसावंसंच वाटत नाही.

उत्तर : 211 दिवस बसलात ते त्या शून्यानं पुसले जात नाहीत. पण चुटपुट खरी आहे, तेव्हा तिच्यावरच बसा ना! आकडा आठवला की छातीत काय होतं, घसा आवळतो का, किती वेळ टिकतं. मज्झिम निकायात तराफ्याचा दृष्टान्त आहे : नदी पार झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन कुणी चालत नाही. तुम्ही अजून पाण्यातच आहात आणि वल्हं सोडून ओंडके मोजताय. आठवडाभर साध्या घड्याळाचा गजर लावून बसा. ॲप हवं असेल तर आठव्या दिवशी उघडा.