वर्दी उतरली, आता पुस्तक

गड्या,

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ तुझाच विचार करत बसलो. फौजेतनं पेन्शनवर येऊन तीन महिने नाही झाले आणि तू इग्नूचा क्रिमिनल जस्टिसचा पीजी डिप्लोमा भरलास पण, ३६व्या वर्षी नाईट ड्युटी करून सकाळी पुस्तक उघडणं काय असतं ते मी केलंय म्हणून सांगतो, लय अभिमान वाटला. पण तू म्हणालास ना, "दुश्मन ओळखायची सवय आहे, हे सोपं जाईल", तिथं मी अडकलो.

आरोपी म्हणजे दुश्मन नव्हे रे. हे माझ्या डोक्यात शिरायला सहा महिने गेले.

आपल्या साताऱ्याच्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे आठव. आर्मीच्या सिग्नल्समधून आले, १९९१ला मुंबई पोलिसात लागले, आणि २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरली ती गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. त्यांच्यामुळं तो जिवंत सापडला, इथपर्यंत आपल्याला पाठ आहे, पुढचं तू नीट वाच. खटला चालला, त्याला वकील दिला, साक्षी झाल्या, फाशी झाली ती पार २०१२ला. आणि त्याच खटल्यात दोघं जण पुराव्याअभावी सुटले, सुप्रीम कोर्टानंही ते कायम ठेवलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आलेला. आता वाटतं, पुरावा कमी पडला म्हणून दोघांना सोडणारं कोर्ट होतं म्हणूनच त्या फाशीला वजन आहे.

कुणाच्या जुन्या नोट्सवर विसंबू नको. १ जुलै २०२४पासून आयपीसी, म्हणजे जुना भारतीय दंड कायदा, जाऊन भारतीय न्याय संहिता आलीये, खुनाचं कलम ३०२चं १०३ झालं, फसवणुकीचं ४२०चं ३१८. तरी त्या तारखेच्या आधीच्या गुन्ह्याला आयपीसीच लागते, म्हणजे जुनं पण माहीत पाहिजे. झडती-जप्तीचं आता व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं, मोबाईलमधला पुरावा द्यायचा तर सोबत सर्टिफिकेट लागतं, हे भाग दोनदा वाच, पुढं सिक्युरिटीत नाहीतर पोलिसात जाशील तिथं रोज हेच आहे.

घाबरू मात्र नको. युनिटमधल्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेच्या आतल्या चौकशीत, तू साक्ष दिलीयेस, किती वाजता, कोण कुठं, कुणी काय उचललं, हे सांगायची सवय कॉलेजातनं थेट आलेल्या पोरांना नसते. असाइनमेंट तेवढी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नको, तिथंच आपले बरेच जण गळतात.

रविवारी ये. तू केलेल्या एखाद्या झडतीचं दोन पानी वर्णन लिहून आण, गुप्त काही नको, फक्त काय सापडलं, कुणी हातात घेतलं, कुठं ठेवलं. मी बचावाचा वकील होऊन प्रश्न विचारणार.

जय हिंद.
तुझा जुना सुभेदार