'तेटे'पाशी थांब

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रोज चार तास रियाज करूनही हात तयार होत नाही, आता तबल्याची खोळ काढावीशीही वाटत नाही, असं तू लिहिलंस. वाचून जीव कळवळला. तुझ्या वयात माझीही दीड वर्षं अशीच गेली होती.

मागच्या खेपेला तू 'धाधा तेटे धाधा तीना' हा ठरावीक बोलांचा कायदा वाजवत होतास, तेव्हा मी तुझ्या खांद्याकडे बघत होतो. बराबरीत, म्हणजे मूळ लयीत, बोल स्वच्छ होते, दुप्पट लयीची दुगुनही गोड. चौपट लयीच्या चौगुनीत 'तेटे' आलं की खांदा वर चढायचा, मनगट ताठ व्हायचं आणि बोटं तबल्याच्या काळ्या शाईवर आपटायची. वाजलंच पाहिजे या हट्टाने जोर लावला, की जे स्नायू सैल राहायला हवेत तेही आवळतात. मग तोच कायदा दोनशे वेळा घोकलास, तर चुकलेलं 'तेटे'ही दोनशे वेळा हातात बसतं.

म्हणून आता रोज एकच तास बस. साथीच्या धूनेचा लेहरा संथ लाव. आधी हातावर ताल धरून, बोल तोंडाने म्हणत पढंत कर, मग नुसतं 'तेटे' वाजव. नाद फाटला की लय लगेच खाली आण. अख्खा कायदा शेवटच्या दहा मिनिटांत.

एक तास तुला फार थोडा वाटेल. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांनी हेच तपासलं. १९७८ साली ते छापून आलं. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक आत्मसात करायला एकूण तास कमी लागले, रोज चार तास बसणाऱ्यांना जास्त. तरी सगळ्यांत नाखूश होते ते एका तासवालेच, कारण त्यांचे दिवस जास्त जात होते! किती पुढे आलो, हे शिकणाऱ्याच्या मनाला इतकं कमी कळतं. तुझी निराशा मी खरी मानतो, पण तिचा निकाल मानत नाही.

तेव्हा दर रविवारी तोच कायदा, त्याच लयीत, मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि चार आठवड्यांनी पहिलं नि शेवटचं लागोपाठ ऐक. स्वतःचं स्वच्छ 'तेटे' कानावर पडलं, की बसायची ओढ आपोआप लागते. माझी तशीच परत आली.

येताना डग्गा घेऊन ये. त्याची चामड्याची वादी सैल झालीय, ओढून घेऊ.

तुझा,
गुरुजी