विचारा बिनधास्त : हर्बी मॅन आणि बारावीचं पोरगं

प्रश्न : दादा नमस्कार. आमचा मुलगा बारावीला आहे, लहानपणापासून बासरी शिकतो, इथपर्यंत ठीक होतं. पण हल्ली कुण्या हर्बी मॅनचं मोबाईलवर लावून बसतो नि म्हणतो मला जाझ फ्लूट वाजवायचीय. हा माणूस कोण आणि नुसत्या बासरीवर पोट भरतं का हो? – एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, पोराचा कान चांगला आहे हे आधी सांगतो. हर्बी मॅन हा अमेरिकेतला जाझ फ्लूटवाला (फ्लूट म्हणजे धातूची आडवी बासरी), न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा, जन्म १९३०, खरं नाव हर्बर्ट सोलोमन. गंमत म्हणजे सुरुवात बासरीवर नव्हतीच, आधी क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन, आर्मीत असताना इटलीत ट्रिएस्टला बँडमध्ये होता तिथेही सॅक्सच. १९५३ मध्ये मॅट मॅथ्यूज नावाच्या अकॉर्डियनवाल्याला ग्रुपसाठी फ्लूटवाला पाहिजे होता, याने तो चान्स पकडला. सॅक्सवाले ढिगाने, फ्लूटवाले मोजके, हा हिशोब गड्याला बरोबर कळला असणार.

आता मोजके का, तर आवाज. आपल्याकडे नंदुरबारच्या काठी गावच्या होळीत ढोल घुमायला लागले की बासरीवाला शेजारी उभा असला तरी काय वाजवतोय कळत नाही, जाझमध्ये ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ड्रम्ससमोर तेच व्हायचं. क्युबाच्या अल्बर्टो सोकारासने १९२७ लाच रेकॉर्डवर फ्लूट सोलो वाजवला होता, तीसच्या दशकात वेमन कार्व्हर ड्रमवाल्या चिक वेबच्या बँडमध्ये वाजवत होता, पण हे अपवाद. खरी जागा मिळाली ती १९५० नंतर, माईक चांगले झाले तेव्हा.

मॅनने आणखी एक डोकं लावलं. फ्लूटचा आवाज मोठा करता येत नाही ना, मग बाकीचे कमी करा! १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबमध्ये त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग झालं, त्यातलं 'कमिन होम बेबी' पोराकडून मागून ऐका. ट्रम्पेट नाहीच. खाली बासची एकच चाल गोल गोल फिरतेय, काँगा (हाताने वाजवायचा उभा ढोल) आणि व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) सोबतीला, आणि वर फ्लूट छोटे छोटे तुकडे टाकते, थांबते, परत टाकते. ताना मारायची घाई कुठेच नाही.

पोटाचं म्हणाल तर भरलं त्याचं, चांगलं भरलं, पण एका जागी बसून नाही. आफ्रिकेचा दौरा केला, ब्राझीलला जाऊन तिथला बोसा नोव्हा ठेका उचलला, १९६९ च्या 'मेम्फिस अंडरग्राउंड' अल्बममध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सोल म्युझिक घेतलं, १९७५ ला तर डिस्कोत घुसला आणि गाणं हिटही झालं. समीक्षक म्हणायचे बाजारू झाला. डिस्कोवालं मलाही पूर्ण ऐकवत नाही, खोटं कशाला बोलू, पण नवीन ठेका कानावर पडला की त्याच्यात आपली फ्लूट बसते का हे बघायला हा माणूस कधी लाजला नाही. प्रोस्टेट कॅन्सरने २००३ च्या १ जुलैला गेला, त्याच वर्षी मे महिन्यात न्यू ऑर्लिन्सच्या फेस्टिव्हलला वाजवून आला होता. बारावी मात्र होऊ द्या पहिले.

प्रश्न : भो, हर्बी मॅन ऐकून झाला, पुढे कोण? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : एरिक डॉल्फी. डायबेटिसने १९६४ मध्ये बर्लिनला गेला, वय फक्त ३६. सॅक्स आणि बास क्लॅरिनेटही वाजवायचा, पण शेवटच्या महिन्यात हॉलंडमध्ये रेकॉर्ड झालेली त्याची फ्लूट ऐकली की बाकी विसराल. मग रोलंड कर्क, डोळ्यांनी अंध, फ्लूट फुंकता फुंकता त्यातच गुणगुणायचा, त्यामुळे सूर खरखरीत, चिडल्यासारखा येतो. घरचे विचारतील हे काय लावलंय, विचारू द्या.

प्रश्न : आपली बांबूची बासरी जाझला चालते का धातूचीच घ्यावी लागते? – एक विद्यार्थी, शहादा

उत्तर : चालते, पण दमवते. आपल्या बासरीला सहा भोकं, कोमल-तीव्र स्वर बोट अर्धं उचलून काढायचे, मींड त्याच्यातूनच सुंदर येते. जाझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) भराभर बदलतात, कधी गाणं मध्येच दुसऱ्या पट्टीत जातं, तिथे अर्ध्या बोटाचा खेळ फास्ट करणं अवघड. धातूच्या फ्लूटला प्रत्येक स्वराची सोय किल्ल्यांनी केलेली असते, ती रचना जर्मनीच्या थिओबाल्ड बोएमने १८४७ मध्ये केली, आजही तीच चालते. पण पंडित हरिप्रसाद चौरसियांनी बांबूवरच गिटारवाला जॉन मॅकलॉफ्लिन आणि सॅक्सवाला यान गार्बारेक यांच्यासोबत वाजवलंय, 'मेकिंग म्युझिक' अल्बम शोध, १९८७ चा. त्यामुळे लगेच महागडी फ्लूट घ्यायला घरी हट्ट धरू नको, आहे त्या बासरीवर बारा स्वर स्वच्छ काढ आधी, मेट्रोनोम (ठेका मोजणारं यंत्र) लावून. आणि मे महिन्यात ती गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नको रे, आपल्याकडच्या उन्हात बांबू तडकतो, दोरा गुंडाळलेला असला तरी.